'खोल्म' : एका उसन्या भूवाचक शब्दाची चिकित्सा

उसन्या शब्दांचे स्पष्टीकरण बहुधा वस्तू, व्यापार वा सत्ता यांच्या आधारे दिले जाते. प्राचीन स्लाव्हिकने जर्मॅनिककडून घेतलेले 'पाव' व 'राजपुरुष' या अर्थांचे शब्द या चौकटीत सहज बसतात. 'टेकडी' या अर्थाचा रशियन 'खोल्म' मात्र तीत बसत नाही. चेक 'ख्लुम' व सर्बो-क्रोएशियन 'हुम' ही त्याचीच भावंडे होत. पोलंडमधील खेल्म शहर आणि हर्झेगोव्हिनातील मध्ययुगीन झाहुम्लिए ('टेकडीपलीकडचा प्रदेश') यांच्या नावांत हाच शब्द टिकून आहे.

त्याच्या परकीयत्वाचा मुख्य पुरावा आद्य ध्वनीत आहे. लॅटिन 'कोल्लिस' (टेकडी) व लिथुएनियन 'काल्नस' (डोंगर) या सजातीय शब्दांत मूळ इंडो-युरोपीय 'क' कायम आहे. वंशपरंपरेने आलेल्या स्लाव्हिक शब्दात त्याजागी 'ख' मिळणे नियमबाह्य ठरते. 'क'चा घर्षक ध्वनी जर्मॅनिकमध्ये ग्रिमच्या नियमानुसार झाला. म्हणूनच किपार्स्की (१९३४) व प्रॉंक-टीटहॉफ (२०१३) हे दोन्ही अभ्यासक या शब्दाची गणना जर्मॅनिक ऋणशब्दांत करतात.

अर्थाचा प्रश्न इतका सरळ नाही. प्राचीन नॉर्समध्ये हा शब्द 'लहान बेट' दर्शवितो. स्टॉकहोमच्या नावातील 'होम' तोच. प्राचीन इंग्रजी काव्यात त्याचा अर्थ 'समुद्र' होतो. स्लाव्हिकशी जुळणारा 'टेकडी' हा अर्थ प्राचीन सॅक्सनमध्ये मिळतो. गॉथिक बायबलच्या उपलब्ध भागात तर हा शब्दच नाही. त्यामुळे नेमक्या दात्या बोलीविषयीचे कोणतेही विधान अनुमानाच्या पातळीवरच राहते.

येथे एक मोह टाळला पाहिजे. टेकडीचा शब्द उसना, म्हणून आद्य स्लाव्ह लोक सपाट प्रदेशातीलच असावेत, हा तर्क टिकत नाही. स्लाव्हिककडे 'गोरा' (डोंगर) हा स्वतःचा शब्द होताच. संस्कृत 'गिरि' त्याचा सजातीय असल्याने त्याची प्राचीनता निर्विवाद आहे. नव्या शब्दाने उणीव भरून काढली नाही. उंचवट्यांच्या नामकरणात त्याने एक सूक्ष्म भेद आणला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

सारांश, 'खोल्म' दोन भाषकसमाजांच्या निकट सहवासाची साक्ष देतो. त्या सहवासाचे स्थळ वा एका समाजाचे वर्चस्व केवळ त्याच्या आधारे सिद्ध होत नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून इतिहास रचताना ही मर्यादा अभ्यासकाने पाळणे अगत्याचे आहे.