इंडेक्सविषयीचे काही गैरसमज : सातबाराच्या दप्तराच्या संदर्भात एक चिकित्सा

डेटाबेस मंद झाला की सर्व्हर बदलावा आणि प्रत्येक रकान्यावर इंडेक्स बांधावा, हा उपदेश संगणकशास्त्राच्या वर्गांतून इतक्या सहजतेने केला जातो, की तो तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या उपदेशात केवळ शोधणाऱ्याचा विचार आहे. नोंद लिहिणाऱ्याचा नाही.

माढा तालुक्यातील कोणत्याही गावाचे महसुली दप्तर घ्यावे. गाव नमुना सात हा गट क्रमांकानुसार, तर आठ-अ हा खात्यानुसार असतो. त्यामुळे एका खातेदाराची जमीन शोधण्यासाठी गावचे सारे सातबारे चाळावे लागत नाहीत. इंडेक्सचे कार्य नेमके हेच. परंतु खरेदीचा फेरफार मंजूर झाला, की सातबाराबरोबर आठ-अ देखील दुरुस्त करणे आले. तक्त्यावर दहा इंडेक्स असतील, तर प्रत्येक नव्या नोंदीमागे त्या दहांतही भर घालावी लागते. एडगर कॉड यांनी रिलेशनल प्रतिमान मांडणाऱ्या १९७० च्या निबंधातच इंडेक्समुळे शोध जलद होतो, मात्र नोंदी घालणे व काढणे मंदावते, असे नमूद केले होते. आपल्या क्रमिक पुस्तकांनी त्यातील पहिला अर्धाच उचलला, हे आश्चर्यच म्हणावयाचे!

रकान्यांच्या क्रमाविषयीही असेच अज्ञान आढळते. 'गाव, गट क्रमांक' या क्रमाने बांधलेला इंडेक्स गाव ठाऊक असल्यास उपयोगी. नुसता 'गट ४५' विचारल्यास त्याचा लाभ अत्यल्प, कारण ४५ क्रमांकाचा गट गावोगावी असतो.

इंडेक्स असूनही यंत्रणा तो वापरीत नाही, ही तक्रार तर नित्याची. तालुक्यातील बहुतेक सर्वच नोंदी हव्या असतील, तर इंडेक्स पाहून एकेक पान उघडण्यापेक्षा संपूर्ण तक्ता सलग वाचणे स्वस्त पडते. तेथे ऑप्टिमायझरचा निर्णय योग्यच असतो. तो चुकतो बहुधा तक्त्याविषयीची सांख्यिकी जुनी झाल्यावर. ती अद्ययावत करण्यास नवे यंत्र लागत नाही.

स्मृती अपुरी असेल तेथे रॅम वाढविल्याने लाभ होतो, हे मान्य. पण एका सातबारासाठी लाखो नोंदी वाचणारी क्वेरी नव्या सर्व्हरवरही त्या लाखो नोंदी वाचतेच. हे 'एक्सप्लेन' आज्ञेने दिसणाऱ्या कार्ययोजनेत स्पष्ट होते. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र इंडेक्स बांधण्याची आज्ञा विचारली जाते, कार्ययोजना वाचावयास क्वचितच सांगितले जाते.