‘का’ नसलेला प्रश्न

टेनिस शिकवणारा कोच दिवसभर एकच गोष्ट सांगत असतो, चेंडूकडे बघ. सांगून कुणाची नजर ठरत नाही, म्हणून तो विचारायला लागतो. जॉन व्हिटमोर यांनी ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ (१९९२) या पुस्तकात नेमका हा क्षण पकडला आहे. क्लायंटला प्रश्न कसा विचारावा, याचं इतकं नेटकं उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

मराठीत आणलं की त्याची गोडी आणखी वाढते. पहिला प्रश्न : बघतोयस का? दुसरा : का बघत नाहीस? व्हिटमोर दोन्ही बाद करतात. पहिल्यातून ‘हो’ म्हणून सुटता येतं, न बघताही. दुसरा ऐकला की माणूस सबब शोधू लागतो. आपल्याकडे या दोन्ही प्रश्नांत तोच ‘का’ आहे. शेवटी आला की हजेरी घेतो, आधी आला की जाब विचारतो. गृहपाठ केलास का? का नाही केलास? शाळेपासून आपल्या कानांना दोन्हींची सवय आहे.

आता तिसरा प्रश्न. नेटवरून येताना चेंडू कुठल्या बाजूला फिरत होता?

खरा रस इथे आहे. याचं उत्तर शिकणाऱ्याकडे तयार नाही. ते मिळवायला पुढचा चेंडू बघावाच लागतो, नुसता नव्हे, त्याची शिवण दिसेपर्यंत. ‘बघ’ हा शब्द न उच्चारता बघणं घडतं. कोचलाही उत्तर ताडून पाहायचं तर स्वतः चेंडूवर नजर ठेवावी लागते. आणि व्याकरण बघा : पहिल्या दोन प्रश्नांचा कर्ता ‘तू’ आहे, तिसऱ्याचा कर्ता चेंडू. माणसावरचा प्रकाशझोत हलला, त्याला स्वतःचा बचाव करण्याचं कारणच उरलं नाही.

हे बीज टिमथी गॉलवे यांचं. ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ (१९७४) लिहिणारे गॉलवे चेंडूचा टप्पा पडताना आणि रॅकेटला चेंडू लागताना एकेक शब्द मोठ्याने म्हणायला लावत. व्हिटमोर मुळात मोटार शर्यतींतले, १९६५चे युरोपीय टूरिंग कार विजेते. गॉलवेंची ही दृष्टी त्यांनी कोर्टावरून ऑफिसात नेली.

माझ्याकडे एक टीम लीडर येत. मीटिंगमध्ये आपण गप्प पडतो, ही त्यांची तक्रार. ‘तुम्ही का बोलत नाही?’ मी विचारून बसले. वीस मिनिटं साहेबांचा स्वभाव, इंग्रजी आणि लहानपण यांत गेली. पुढच्या सेशनला विचारलं, ‘ओठांवर आलेलं परत गेलं, तेव्हा कोण बोलत होतं?’ त्या बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, ‘कुणीच नाही. तेव्हा शांतताच होती.’ इतके दिवस त्या साहेबांना घाबरत होत्या असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

‘का’ सरसकट टाकून द्यावा, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘हे तुम्हाला महत्त्वाचं का वाटतं?’ यातला ‘का’ जाब विचारत नाही, तो आत वळतो.

कोचिंग करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, उद्याच्या सेशनआधी तुमचे पाच प्रश्न कागदावर लिहा आणि प्रत्येकातला कर्ता अधोरेखित करा.