संकल्पचित्रात संकल्प कुठं आहे?

शासकीय रेखाकला परीक्षेतल्या पेपरांमध्ये मला सगळ्यांत आवडणारं नाव म्हणजे 'संकल्पचित्र'. आपल्या बायकांना संकल्प हा शब्द काही नवा नाही. विधानाला बसताना आपण संकल्प सोडतो, व्रत घेताना संकल्प करतो. म्हणजे आधी मनात काहीतरी धरायचं आणि मग हात चालवायचा. एवढं सुंदर नाव दिलेला पेपर आणि त्यात नेमका संकल्पच नसावा, ही माझी तक्रार.

एलिमेंटरीच्या या पेपरात वर्तुळ, चौकोन असा एखादा आकार देतात. तो पानाफुलांनी, पक्ष्यांनी किंवा भौमितिक आकारांनी भरायचा आणि रंगवायचा. प्रश्न वाईट नाही. पण पोरं काय करतात? आमच्या कोगनोळी, निपाणी, कागल भागातली तयारी मी जवळून बघत आले आहे. जून-जुलैपासून एक कमळ, एक पोपट आणि एक वळणदार वेल घोटून घ्यायची. आकार गोल आला तर पोपटाची मान वळवायची, चौकोन आला तर वेल कोपऱ्यात सारायची. मग पोस्टर कलर सपाट भरायचा, कडेनं काळी रेघ ओढायची आणि झालं संकल्पचित्र! स्मरणचित्राचीही तीच गत. बाजार असो, पाणवठा असो की शेत असो, डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी बाई सगळीकडं हजर. तिचं तोंड काढावं लागत नाही, म्हणून ती पाठमोरी.

यात पोरांचा दोष नाही आणि चित्रकलेच्या शिक्षकांचाही फारसा नाही. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या गोष्टीला गुण चिकटले ती गोष्ट घोटली जाणार, हे आपण इंग्रजीच्या निबंधातसुद्धा बघतो. आमच्या सीमेवर तर एकाच गल्लीतली दोन पोरं दोन वाटांनी जातात. एक कर्नाटकाच्या 'लोअर', 'हायर'ला बसतं, दुसरं हद्द ओलांडून कागलच्या शाळेत जातं आणि एलिमेंटरी देतं. राज्यं वेगळी, भाषेची भांडणं वेगळी, पण कमळ-पोपटाचा भाऊबंद दोन्हीकडं असतोच.

हे सगळं आलं कुठून? मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं. त्या काळी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये चित्रकलेचा एक ठरीव अभ्यासक्रम होता. कारखान्यात माल तयार करणाऱ्यांचा हात आणि नजर सुधारावी, हा त्याचा हेतू. पायरीपायरीनं रेघ, मग आकार, मग वस्तू, मग नक्षी. तीच पायरी इथं आली. गंमत अशी, की त्याच साहेबांना आपल्या कारागिरांच्या नक्षीचं अपार कौतुक होतं. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत बसले. म्हणजे शिकवणाऱ्याला ठाऊक होतं की इथली नक्षी कुठल्यातरी अर्थातून उगवते. पण अभ्यासक्रमात उतरताना अर्थ गळाला आणि मागं नक्षी तेवढी राहिली. दीडशे वर्षं आपण तीच गाळलेली नक्षी पोरांना देतोय.

परीक्षाच बंद करा, असं मात्र मी म्हणणार नाही. वस्तुचित्राचा पेपर मला फार मोलाचा वाटतो. समोर तांब्या, टोपली, दोन कांदे मांडलेत आणि ते जसे दिसतात तसे काढायचे. तांब्याचं तोंड गोल असतं, पण आपल्या डोळ्याला ते लंबगोल दिसतं, हे ज्या पोरीला एकदा कळलं ती जगाकडं जरा नीट बघायला लागते. भूमितीचं नि अक्षरलेखनाचंही तसंच. अशी हाताची शिस्त मागूनच बेळगावात के. बी. कुलकर्णींनी शिष्य घडवले, रवी परांजपे त्यांतले. तेव्हा शिस्तीशी माझं भांडण नाही. शिस्त संपल्यावर जिथं पोरानं स्वतःचं डोकं लावायचं, तिथंच त्याला तयार उत्तर दिलं जातं, हे माझं दुखणं आहे.

आता आपल्या मंदिरातलंच बघा. अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान होतं. आठ दिवस, आठ पूजा. पहिल्या दिवशी आठ अर्घ्य, दुसऱ्या दिवशी सोळा, मग बत्तीस, असं दुप्पट होत आठव्या दिवशी 1024, आणि सगळे मिळून 2040. हा वाढता हिशेब मांडल्यात वलयावलयांनी उतरवायचा, तर आधी मध्य धरायचा, दोरीनं वर्तुळ ओढायचं, त्याचे आठ भाग पाडायचे, प्रत्येक भाग अर्धा करत बाहेर जायचं. ही इंटरमिजिएटची भूमिती नाही तर काय? आणि यातली एकही रेघ शोभेची नाही. आठ हा आकडा सिद्धांच्या आठ गुणांचा. वलय वाढतं ते गुणांचं चिंतन वाढतं म्हणून. इथं संकल्प आधी आहे, चित्र नंतर.

पण हल्ली छापील फ्लेक्सचा मांडला मिळतो. गुंडाळी सोडली, चार कोपऱ्यांना वजन ठेवलं की काम झालं. वेळ वाचतो, चुकण्याची भीती नाही, हे सगळं खरं. पण रंगीत तांदूळ निवडायला, रांगोळी धरायला पूर्वी जी आठ-दहा पोरं भोवती बसायची ती आता बसत नाहीत, कारण त्यांना तिथं कामच उरलेलं नाही. त्याच पोरांना आपण महावीर जयंतीला रंगभरण स्पर्धेत बसवतो. हातात झेरॉक्स, त्यावर आधीच छापलेला सिंह आणि गाय. ज्याचा रंग रेघेबाहेर गेला नाही त्याला पहिलं बक्षीस. महिला मंडळाच्या आक्कांनो, राग मानू नका, पण त्या झेरॉक्सच्या जागी कोरा कागद का देऊ नये? सिंह आणि गाय एकाच हौदावर पाणी पितात, एवढं तोंडी सांगावं आणि गप्प बसावं. कुणाचा सिंह मांजरासारखा येईल, येऊ दे. वैर विसरलेला सिंह थोडासा मांजरासारखा दिसायचाच.

दुसरं उदाहरण आपल्या ट्रंकेत आहे. कशिदा काढलेलं जुनं इरकल असेल तर बाहेर काढा आणि उलटं करून बघा. गवंती टाक्याचा कशिदा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. जाताना एक टाका घालायचा, एक सोडायचा, परतताना सोडलेली जागा भरायची. खाली कागद नाही, पेन्सिलीची खूण नाही, कापडाचे धागे मोजत गोपुर उभं राहतं, रथ चालतो, तुळशीवृंदावन येतं. आपल्या आज्यांतल्या कितीजणींना लिहिता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. चौकटीच्या वहीवर हा टाका सातवीच्या वर्गाला शिकवला तर गणित आणि नक्षी एका तासात होतात. त्याला वेगळा निधी लागत नाही, सुई-दोरा लागतो.

तिसरं उदाहरण देताना मी थोडी अडखळते, कारण चामडं माझ्या घरात येत नाही. पण न्यायाची गोष्ट न्यायानं बोलावी. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यांतला एक. अथणी-निपाणीकडं ती पिढ्यान् पिढ्या बनते. 2025 च्या जूनमध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला श्रेय न देता दाखवल्या, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडणं योग्यच होतं. पण तो पट्टा तिथंच का, ती वेणी कशासाठी, टाच अशी का, हे आपल्या किती शाळांनी कारागिराला वर्गात बोलावून विचारलं? ज्याचं नावही आपण पोरांना सांगत नाही, त्याचं श्रेय परक्यानं द्यावं असा आपला आग्रह.

वेगळं करून दाखवणारी माणसं झाली नाहीत असं नाही. सेवाग्रामला नई तालीममध्ये देवीप्रसादांनी कित्येक वर्षं मुलांना चित्रकला शिकवली आणि कला हा शिक्षणाचा पायाच आहे असं मांडणारं पुस्तक लिहिलं. इंदूरचे विष्णु चिंचाळकर गुरुजी वाळक्या काटक्यांतून, टाकाऊ वस्तूंतून मुलांना आकार शोधायला लावत. दोघांनीही मुलाला आधी बघायला लावलं, हात नंतर हलवायला लावला. या दोघांची नावं आपल्या चित्रकलेच्या वर्गात ऐकू येत नाहीत, पोपट मात्र येतो.

येत्या अष्टाह्निकेला फ्लेक्स आणायचा की नाही, हे ठरवायला कुठल्या बोर्डाची परवानगी लागत नाही. दोरी, खडू, पाच रंगांचे तांदूळ आणि आदल्या दिवशीची दुपार एवढ्यात भागतं. मध्य मोठ्या माणसानं धरावा, दोरीचं दुसरं टोक पाचवीतल्या पोरीच्या हातात द्यावं. आठ भाग सारखे आले नाहीत तर पुसून पुन्हा काढायला दुपार मोठी असते.