‘कोर्ट’ आणि पुढील तारीख

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि पुढे त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही लाभले. त्याची स्तुती पुष्कळ झाली. परंतु त्याच्या खऱ्या विषयाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे आम्हांस वाटते. अन्यायाचा निकाल हा त्याचा विषय नव्हे. निकालापर्यंत पोहोचूच न देणारा काळ, हा तो विषय होय.

नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरास भर कार्यक्रमात अटक होते. त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. मृताची पत्नी साक्षीस उभी राहते आणि साध्या शब्दांत सांगते की, नवऱ्यास कसलीही संरक्षक साधने मिळत नसत. आत खडा टाकून झुरळ वर येते का, एवढे पाहून तो उतरे. आरोप तेथेच ढासळतो. पण ही बाई गावी गेलेली, तिचा पत्ता लागत नाही. तिची साक्ष होईपर्यंत महिने लोटलेले असतात.

या दिरंगाईस कोणी खलपुरुष जबाबदार नाही, हे दिग्दर्शकाचे मोठे यश. सरकारी वकीलबाई संसार सांभाळून कामावर येणाऱ्या सामान्य गृहिणी आहेत. न्यायाधीश नियमाचे पक्के. एका फिर्यादी स्त्रीचा पोशाख बिनबाह्यांचा, म्हणून ते तिचे प्रकरण पुढे ढकलतात. प्रत्येकजण आपापले काम करतो, आणि त्या सर्वांच्या बेरजेतून एका माणसाचे आयुष्य झिजते. कॅमेराही स्थिर राहून तो वेळ आपणांस मोजावयास लावतो. जामीन मिळालेला कांबळे नव्या, अधिक कडक कायद्याखाली पुन्हा पकडला जातो, आणि त्याच सुमारास न्यायालयास उन्हाळ्याची सुटी लागते.

ही कलावंताची अतिशयोक्ती नव्हे. जलद सुनावणी हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने हुसेनारा खातून प्रकरणात 1979 सालीच सांगितले. बिहारच्या तुरुंगांत तेव्हा असे कैदी होते की, ज्यांनी आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ सुनावणीविना काढला होता. विधी आयोगाने 1987 साली दर दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश असावेत असे सुचविले. त्याच्या निम्म्यापर्यंतही आपण पोहोचलेलो नाही. 2022 अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीस, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटकेची तरतूद आहे. ती स्वागतार्ह खरी. पण तपास रेंगाळतो, साक्षीदार येत नाही, न्यायाधीशाची जागा रिकामी राहते, या मूळ कारणांस ती हात घालीत नाही.

चित्रपटात एक उणीव आम्हांस जाणवली. वकिलांची घरे आणि न्यायाधीशांची सहल आपण पाहतो. कांबळेच्या कोठडीतील दिवसांत मात्र चित्रपट फारसा शिरत नाही. वीरा साथीदार यांनी ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे की, ती पोकळी अधिकच बोचते. शिवाय कांबळेस निदान पदरचे पैसे भरून जामीन देणारा सधन वकील लाभतो. ज्यास तोही नाही, अशा असंख्यांची कथा याहून कठोर आहे, आणि ती अद्याप सांगावयाची राहिली आहे.

शेवटी न्यायालयातील दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. चित्रपट संपला असे वाटते, पण संपत नाही. सहलीस गेलेले न्यायाधीश झोपमोड करणाऱ्या मुलास चापट मारून पुन्हा डोळे मिटतात. हा प्रसंग काहींना अनावश्यक वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. सुटी न्यायालयास असते, कोठडीस नसते. हे त्या झोपेवाचून इतक्या स्पष्टपणे कळले नसते.