सही झाली, टिक झाली. वागणं बदललं का? समानता प्रशिक्षणावरचा एक पेपर वाचताना

पीएचडीला प्रवेश घ्या किंवा नोकरीला लागा, समानता, विविधता आणि समावेशन या विषयावरचं एखादं सत्र तुमच्या वाट्याला येणारच. हजेरीच्या कागदावर सही, शेवटी फीडबॅक फॉर्म, मग चहा. फॉर्मवर बहुतेक जण ‘उपयुक्त’वर टिक करतात आणि अहवालात ‘प्रशिक्षण यशस्वी’ असं छापून येतं. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर इथेच अडायला हवं. यशस्वी म्हणजे नेमकं काय? सत्र आवडलं, मत बदललं, की वागणं बदललं? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एकीमागून दुसरी आपोआप येत नाही.

हा फरक समजून घ्यायला एडवर्ड चँग आणि सहकाऱ्यांचा २०१९ साली ‘पीएनएएस’मध्ये आलेला पेपर वाचाच. अँजेला डकवर्थ आणि अ‍ॅडम ग्रँट हेही सहलेखक आहेत.

प्रयोग काय होता?

एका जागतिक कंपनीतल्या ३,०१६ कर्मचाऱ्यांना सुमारे तासाभराचं ऑनलाइन प्रशिक्षण दिलं. कोणाला कोणतं प्रशिक्षण मिळणार हे यादृच्छिक पद्धतीनं ठरलं. गंमत बघा: नियंत्रण गटालाही प्रशिक्षण मिळालं, फक्त विषय वेगळा होता. का? त्या गटाला काहीच दिलं नसतं, तर दिसलेला फरक आशयामुळे पडला की नुसत्या ‘कंपनीनं आपल्यासाठी तासभर दिला’ या भावनेमुळे, हे कळलं नसतं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात, तसंच हे.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे काय मोजणार हे आधीच नोंदवून ठेवलं होतं. आणि प्रश्नावलीवर न थांबता, पुढचे २० आठवड्यांपर्यंत कर्मचाऱ्यांचे कामावरचे खरे निर्णय पाहिले. उदाहरणार्थ, अनौपचारिक मार्गदर्शनासाठी कोणाचं नाव सुचवलं, चांगल्या कामासाठी कोणाचं कौतुक केलं.

निष्कर्ष, आणि माझं वाचन

स्त्रियांबद्दलचा कल तुलनेनं कमी अनुकूल असलेल्या गटांची मतं सुधारली, पण वागणं बदललं नाही. थोडंफार वागणं बदललं ते आधीपासून अनुकूल असलेल्या गटांत. त्यातही अमेरिकेतल्या कनिष्ठ स्त्रिया वरिष्ठ स्त्रियांकडे मार्गदर्शन मागायला पुढे सरसावल्या, हे ठळकपणे दिसतं.

मला हा निकाल आनंदाचा कमी आणि काळजीचा जास्त वाटतो. पक्षपात ज्यांना सोसावा लागतो, त्यांनीच प्रशिक्षणातून धडा घेतला आणि स्वतःची सोय स्वतः बघितली. ज्यांच्या हातात निर्णय आहेत, ते जिथल्या तिथे. लेखकही हे लपवत नाहीत. एकदाच होणारं प्रशिक्षण हा स्वतंत्र उपाय ठरण्याची शक्यता कमी आहे, असं ते स्पष्ट लिहितात.

मर्यादाही बघू. कंपनी एकच. भाग घेणारे स्वेच्छेनं आलेले, म्हणजे ज्यांना बदलायचं ते कदाचित आलेच नाहीत. आणि मार्गदर्शनासाठी नाव सुचवणं ही छोटी कृती आहे. पगार, बढती, भरती यांबद्दल हा पेपर काही सांगत नाही.

मग चालतं काय?

इथे दुसरा पेपर जोडीला घ्या: कालेव्ह, डॉबिन आणि केली, २००६. अमेरिकेतल्या ७०८ खाजगी आस्थापनांची १९७१ ते २००२ या काळातली माहिती. यात थेट व्यवस्थापकांच्या जागांवर कोण आहे हे मोजलं. नुसत्या प्रशिक्षणाचा परिणाम सर्वांत क्षीण उपायांमध्ये निघाला. पण विविधतेची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर टाकली तेव्हा फरक पडला, आणि अशा ठिकाणी प्रशिक्षणासारखे उपायही बरे चालले. अर्थात हा प्रयोग नाही, निरीक्षण आहे, त्यामुळे कार्यकारणाचा दावा जपून करायचा. एका पेपरची पद्धत भक्कम पण मोजमाप छोटं, दुसऱ्याचं मोजमाप मोठं पण पद्धत सैल. म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे.

आपल्याकडे

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, म्हणजे पॉश कायद्यानुसार, कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. वार्षिक अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती कार्यशाळा झाल्या हे आकडे द्यावे लागतात. कार्यशाळांची संख्या म्हणजे केलेलं काम, झालेला परिणाम नव्हे. तक्रारींचा आकडा तर आणखी फसवा. चांगल्या प्रशिक्षणानंतर लोकांना अंतर्गत समिती कुठे आहे ते कळतं, विश्वास वाटतो, आणि तक्रारी वाढूही शकतात. ‘शून्य तक्रारी’ हे सुरक्षिततेचं लक्षण असू शकतं, तसंच भीतीचंही. आकडा एकच, अर्थ दोन.

या विषयावर प्रपोजल लिहिणार असाल, तर आधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. मी मत मोजणार की वागणं? कोणाचं वागणं, सोसणाऱ्याचं की ठरवणाऱ्याचं? आणि किती आठवड्यांनी? उत्तर ‘सत्र संपल्यावर लगेच, फॉर्मवरून’ असं येत असेल, तर प्रपोजल गाइडकडे न्यायच्या आधी पुन्हा लिहा.