त्या मुलाला पुन्हा कुणी विचारलंच नाही

गेल्या वेळी आपण प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातली ‘ज्ञान म्हणजे स्मरण’ ही कल्पना पाहिली. तिच्या पुराव्यादाखल सॉक्रेटिस जो प्रसंग घडवून आणतो, त्याची आज जरा उलटतपासणी करू. शिकण्याबद्दल बोलताना या प्रसंगाचा दाखला हमखास दिला जातो, आणि आमच्या मते तो चुकीच्या कारणासाठी दिला जातो.

प्रसंग असा. मेनोच्या नोकरांपैकी एक गुलाम मुलगा. भूमिती कधी शिकलेला नाही. सॉक्रेटिस २ फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ ४ चौरस फूट. आता याच्या दुप्पट, म्हणजे ८ चौरस फुटांचा चौरस हवा, तर बाजू किती? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट करा, ४ फूट. पण चार चोक सोळा, हे तर चौपट झालं! मग तो म्हणतो ३. तीन त्रिक नऊ, तेही नाही. शेवटी तो कबूल करतो की मला माहीत नाही.

मग सॉक्रेटिस तसेच चार चौरस जोडून प्रत्येकात कर्ण काढतो. चार कर्णांच्या मधे एक नवा चौरस उभा राहतो. त्यात चार अर्धे तुकडे आहेत, म्हणजे मूळ चौरसाची बरोबर दुप्पट. यावर सॉक्रेटिस म्हणतो, पाहा, मी काही शिकवलं नाही, नुसतं विचारलं.

आता इथे थांबू या. कर्ण कुणी काढला? सॉक्रेटिसने. शेवटच्या टप्प्यात मुलगा बराच वेळ ‘हो’, ‘हो’ म्हणतो आहे. वर्गात ‘समजलं का?’ विचारल्यावर येतो, तसलाच हा होकार. तेव्हा ‘शिकवलं नाही’ हा दावा आम्हाला मान्य होत नाही. मुलाची स्वतःची अशी उत्तरं पाहायची तर ती आहेत ४ आणि ३. दोन्ही चूक! पण त्या चुकांमुळेच त्याला कर्णाची गरज पडली. उत्तर आधीच फळ्यावर मांडलं असतं, तर त्याला प्रश्नच पडला नसता.

सॉक्रेटिस मात्र स्वतःच एक पुस्ती जोडतो, आणि ती आपण वाचून सोडून देतो. तो म्हणतो, या मुलाची मतं सध्या स्वप्नासारखी आहेत. हेच त्याला अनेकदा, अनेक रीतींनी विचारलं, तर पक्कं ज्ञान होईल. आणि त्या मुलाला पुढे कुणी विचारतं का? नाही. संवाद पुन्हा सद्गुणाकडे वळतो, मुलगा बाजूलाच राहतो. आमचा खरा आक्षेप हा आहे.

मानसशास्त्राने या पुस्तीला आधार दिला आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि गंमत अशी, की आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

हा भरवसाच घात करतो. मेनोला तो होताच. सद्गुणावर आपण अनेकदा, अनेकांपुढे भाषणं दिली, असं तो सांगतो. आणि सॉक्रेटिसने चार प्रश्न विचारताच बधिर होतो. खरं सांगायचं, तर आम्ही तीसेक वर्षं वर्गात स्वतःला सॉक्रेटिस समजत होतो. नोट्स नीटनेटक्या, फळा स्वच्छ, मुलं खूश. पेपर तपासताना आमचीच वाक्यं परत यायची, आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की पान कोरं. दोष मुलांना दिला. आज वाटतं, त्या वर्गातला मेनो आम्हीच होतो.

म्हणून एक विनंती. हे व्याख्यान आपल्याला सोपं वाटलं असेल, तर त्यावर फार विसंबू नका. लगेच पुन्हा ऐकूही नका. उद्या सकाळी कोऱ्या कागदावर ३ फूट बाजूचा चौरस काढा आणि त्याची दुप्पट करून दाखवा, कर्ण का लागतो ते शब्दांत लिहा. अडलात, तर तिथे थोडं बसा. चार दिवसांनी घरातल्या कुणाला तरी समजावून सांगा, आणि त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारू द्या. त्या मुलाच्या वाट्याला जे आलं नाही, ते निदान आपण स्वतःला देऊ या. पुढच्या वेळी सुरुवात आम्ही याच प्रश्नाने करणार आहोत.