मुक्काम कोठें करावा?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत एक वाद हटकून सुरू होतो. कोठें जावयाचें हा त्याचा पहिला भाग; तो बहुधा लवकर मिटतो. कोठें उतरावयाचें हा दुसरा; तो मात्र गाडीचीं तिकिटें हातीं आल्यावरहि मिटत नाहीं. हा वाद क्षुल्लक समजण्याची चाल आहे, आणि आमच्या बहुतेक प्रवासवर्णनकारांनीं ती इतकी मनावर घेतली आहे कीं, एका पुस्तकांत सूर्यास्त सात सांपडतील. पण लेखक रात्रीं कोठें निजला, खोलीची खिडकी कोणत्या दिशेस होती आणि सकाळचा चहा कोणीं दिला, याचा पत्ता लागूं नये! आमच्या मतें मुक्कामाची निवड हीच प्रवासांतील पहिली रसिकता होय. पुढें काय दिसणार आणि काय दिसणार नाहीं, हें तीच ठरविते.

हा विषय आम्हांस सुचला तो वर्गांत. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनीं बांधलेल्या जुन्या बांधांवर आणि वैनगंगेच्या कांठीं वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस पाणी नवें नाहीं. परंतु समुद्र येथून रस्त्यानें नऊशे किलोमीटरांच्या आसपास, आणि पुष्कळांनीं तो पाहिलेला नसतो. जेन ऑस्टिनची १८१५ सालीं प्रसिद्ध झालेली 'एमा' शिकवीत असतां बारावें प्रकरण आलें म्हणजे हीं मुलें एकदम सावध होतात. कारण तेथें नायिकाच समुद्राचा विषय बंद करावयास सांगते. तिनेंहि तो कधीं पाहिलेला नसतो.

प्रसंग साधा आहे. एमाची थोरली बहीण इझाबेला पति व मुलें यांसह साउथएंड येथें समुद्रस्नानासाठीं राहून आली आहे. वृद्ध पिता मि. वुडहाउस यांस तें मुळींच रुचलेलें नाहीं. जावयाचेंच होतें तर क्रोमरला जावें. त्यांचे गांवचे वैद्य पेरी तेथें एकदां आठवडाभर राहिले होते आणि त्या स्थानास ते सर्वांत उत्तम मानतात. शिवाय तेथें उतरावयास जागाहि सोयीची मिळाली असती, समुद्रापासून चांगली पाव मैल दूर! समुद्राकांठच्या बिऱ्हाडाचा मोठा गुण हा कीं, तें समुद्रापासून लांब आहे. वर्गांत या ठिकाणीं हशा पिकतो. पण ऑस्टिनबाईंची खोंच त्याहून खोल आहे. वुडहाउस साहेबांस समुद्र नकोच आहे. त्यांस हवें आहे आपलें घर, फक्त दुसऱ्या गांवीं नेऊन ठेवलेलें. इझाबेला आपल्या लंडनच्या वैद्याची साक्ष काढते, वडील पेरीची काढतात, आणि वाद जागेचा न राहतां कोणाचा वैद्य थोर याचा होतो. शेवटीं जांवई संतापून म्हणतात कीं, बायको व पांच मुलें एकशें तीस मैल नेण्याचा खर्च आणि त्रास चाळीस मैलांइतकाच येईल, अशी युक्ति पेरीनें सांगावी, म्हणजे आम्ही खुशाल क्रोमरला जाऊं. कुटुंबवत्सल मनुष्याचा हा हिशेब आमच्या वाचकांस परका वाटूं नये. राहतां राहिला पेरी. तो आज प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. अनोळखी माणसांनीं दिलेले चार-पांच तारे पाहून आम्ही खोली ठरवितों, आणि त्या माणसांस समुद्र आवडतो कीं समुद्रापासूनचें अंतर, याची चौकशी करीत नाहीं.

लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'पर्सुएशन' मध्यें याच्या उलट चित्र आहे. नोव्हेंबर महिन्यांत एक मंडळी लाइम येथें जाते आणि खाणावळींत उतरते. जवळच जुन्या धक्क्याच्या पायथ्याशीं कॅप्टन हारव्हिलचें भाड्याचें लहानसें घर आहे. खोल्या इतक्या लहान कीं, मनापासून बोलावणाऱ्यालाच त्यांत इतके पाहुणे मावतील असें वाटावें. जखमेमुळें अधू झालेल्या त्या नाविकानें भाडोत्री सामानाची उणीव आपल्या हातच्या युक्त्यांनीं भरून काढली आहे, दारेंखिडक्या हिंवाळी वादळांस तोंड देतील अशा केल्या आहेत. पाहुण्यांनीं खाणावळींत जेवण आधींच सांगून ठेवलें, याचें त्या दांपत्यास वाईट वाटतें. दुसरे दिवशीं लुइझा धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडते, आणि त्याच चिमुकल्या घरांत तिला जागा होते. कोणती जागा मोठी, याचें उत्तर कादंबरीनें एक शब्दहि उपदेशाचा न बोलतां दिलें आहे.

'सँडिटन' ही कादंबरी त्याच १८१७ सालीं अर्धवट राहिली आणि १९२५ सालीं छापली गेली. तींत मि. पार्कर नांवाचे गृहस्थ एका खेडेगांवास समुद्रस्नानाचें नामांकित ठिकाण करूं पाहतात. गांवांतल्या खिडक्यांत 'जागा भाड्यानें देणें आहे' अशा पाट्या लटकत आहेत. स्वतः पार्कर वडिलोपार्जित, वाऱ्यापासून सुरक्षित असें घर सोडून टेकडीवरील नव्या घरांत राहावयास गेले आहेत, आणि त्यांची पत्नी गाडीच्या मागील खिडकींतून जुन्या घराकडे वळून पाहते. पाहुण्याच्या हौशीसाठीं यजमानाचें गांव कसें बदलतें, हें कोंकणच्या किनाऱ्यावर आज ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं हीं अपुरीं पानें आधीं वाचावीं.

मराठींत ही दृष्टि नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. महानुभावांची स्थानपोथी काढून पाहावी. श्रीचक्रधर कोणत्या गांवीं राहिले, तें देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, आसन कोठें, वसति कोठें, दीर्घ अवस्थान कोठें, हें सर्व तींत निगुतीनें नोंदलेलें आहे. त्या संप्रदायांतले निळभट्ट भांडारेकार तर आमच्या भंडाऱ्याचेच. ज्यावर प्रेम आहे त्याचा मुक्कामहि जपून ठेवावा, ही त्या गद्याची श्रद्धा होती. पुढें गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. झांशीच्या वेढ्याचें त्यांतील वर्णन इतकें जिवंत कां? भटजी त्या वेळीं शहराच्या आंत मुक्कामास होते म्हणून.

अलीकडील उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें आहे. व्यंकटेश माडगूळकरांचें 'नागझिरा' १९७९ सालीं प्रसिद्ध झालें. तें जंगल त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांत होतें. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर त्याचा विस्तार दोन जिल्ह्यांत विभागला गेला. माडगूळकर तेथें जाऊन राहिले, आणि ठाण मांडून पाहत राहिले. पुस्तकास नांव दिलें तेंहि मुक्कामाचें. पांच दिवसांत नऊ स्थळें उरकणाऱ्यास त्यांतील एकहि पान लिहितां आलें नसतें.

येथें आमचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही सहकुटुंब चार दिवसांसाठीं कोंकणांत गेलों. पहिले दोन दिवस ताऱ्यांच्या शिफारशीनें ठरविलेल्या एका हॉटेलांत काढले. खोली थंडगार, खिडक्या कायमच्या बंद, टीव्ही नागपूरच्याच बातम्या देणारा. समुद्र दोनशें पावलांवर होता, पण ऐकूं येत नव्हता. तिसरे दिवशीं एका घरच्या माडीवरील खोलींत गेलों. रात्रभर लाटांचा आवाज येत होता. घरच्या आजींनीं सकाळींच ओहोटीची वेळ सांगितली. दुसरे दिवशीं ती पाऊण-एक तासानें पुढें सरकली, तेव्हां आमच्या कन्येनें कारण विचारलें आणि आमच्या अंगणांत चंद्राचा धडा झाला. तलावाच्या गांवाहून आलेल्यांस पाण्याला वेळापत्रक असतें हें तेथें कळलें.

परत आल्यावर आम्ही हें सर्वांस मोठ्या उत्साहानें सांगूं लागलों, तेव्हां घरांतून एक टीका झाली. ती आमच्या सगळ्या प्रतिपादनाहून मोलाची वाटल्यामुळें येथें देतों. "साधेपणाचें कौतुक तुम्हांला. त्या आजी पहांटे चारला उठून सगळ्यांचं करीत होत्या, म्हणून तुम्हांला लाटा ऐकूं आल्या. मला हॉटेलांत दोन दिवस कोणी चहा मागितला नाहीं, तीच माझी सुटी."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अद्यापहि सुचलेलें नाहीं. मात्र आरंभीं केलेल्या तक्रारीचें कारण तेव्हां उमगलें. प्रवासवर्णनांतून चहा देणारा हात गळून पडतो, कारण तो बहुधा स्त्रीचा असतो आणि लेखकास तो घरापासूनच दिसलेला नसतो. लाइमच्या घरांत जखमी मुलीची शुश्रूषा कॅप्टनच्या पत्नीनें केली, हें ऑस्टिनबाई विसरल्या नाहींत. म्हणून मुक्काम निवडतांना दोन प्रश्न पुरेत असें आम्हांस आतां वाटतें: या दारांतून काय दिसेल, आणि तें पाहण्यास घरांतील प्रत्येकास सवड मिळेल काय? पहिल्यास होकार व दुसऱ्यास नकार मिळाल्यास ती सुटी एकट्या यजमानाची.

'एमा' च्या शेवटीं नायिकेचा विवाह ठरतो आणि नवदंपतीनें पंधरवडाभर समुद्रकिनारीं जावें असा बेत होतो. तीं साउथएंडला गेलीं कीं क्रोमरला, आणि उतरलीं कोठें, हें लेखिकेनें सांगितलें नाहीं. वर्गांत दरवर्षीं कोणीतरी तें विचारतो. आम्ही तो प्रश्न मुलांवरच सोंपवितों; यंदा मागच्या बांकावरील एका मुलीनें उत्तर दिलें कीं, कोठेंहि उतरोत, पण तेथें पेरी नसावा.